दात पडले, झिजले, किडले : नवे बसवताना या चुका टाळा

कापसाचे पैसे हाती आले की तालुक्याच्या गावातल्या दातांच्या दवाखान्यांत गर्दी वाढते. वर्षभर एकाच बाजूने चावून दिवस काढलेली माणसं तेव्हा येतात. तपासायला बसवलं की मागच्या दाढा गेलेल्या, पुढचे दात अर्धे झिजलेले, दोन-चार मुळं हिरडीत रुतून बसलेली आणि उरलेले हलणारे, असं तोंड दिसतं. मागणी मात्र ठरलेली असते : "पोरीचं लगन हाय जी पुढच्या महिन्यात, त्याच्या आंधी दात बसवून द्या."

बहुतेक चुका या घाईतून होतात. इतकं बिघडलेलं तोंड मार्गी लागायला काही महिने जातात, कधी वर्षही लागतं. आधी पू आणि ठणका थांबवायचा, हिरड्या साफ करायच्या, वाचतील त्या दातांचं रूट कॅनाल करायचं, वाचणार नाहीत ते काढायचे, जखमा भरू द्यायच्या, तात्पुरते दात लावून चावा बघायचा आणि मगच पक्के दात बसवायचे. वखरणी न करता पेरणी केली तर काय होतं, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. लग्न तोंडावर असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तात्पुरते दात लावून फोटोपुरतं काम भागवता येतं आणि पक्क्या कामाचा क्रमही मोडत नाही.

बाजारातले 'फिक्स' दात

आठवडी बाजारात किंवा बसस्टँडजवळ पेटी मांडून बसलेला माणूस अर्ध्या तासात दात 'फिक्स' करून देतो. दुखत नाही, सुई नाही, पैसेही कमी. म्हणून लोक जातात, आणि त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पण तो करतो काय ते बघा. पावडर आणि द्रव कालवून केलेला प्लास्टिकचा लगदा थेट हिरडीवर थापतो, त्यात दात रोवतो आणि शेजारच्या चांगल्या दातांना तारेने किंवा त्याच लगद्याने जखडतो. खालची किडकी मुळं तशीच राहतात. त्या प्लास्टिकखाली ना ब्रश जातो ना चूळ पोचते. तोंडाला वास सुटतो, हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं आणि दोन-चार वर्षांत आधाराचे चांगले दातही हलायला लागतात. एका दातासाठी गेलेला माणूस चार दात गमावतो.

याहून वाईट म्हणजे वरची कवळी घट्ट बसावी म्हणून आतून लावलेली रबराची चकती. ती टाळूवर सतत ओढ देते. काही जणांच्या टाळूला त्यामुळे आरपार भोक पडतं आणि प्यालेलं पाणी नाकातून येतं. असं काही तोंडात असेल तर आजच ते वापरणं बंद करा. दात बसवणाऱ्याकडे बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारायला लाजू नका.

"सारेच काढून टाका जी"

कटकट मिटेल म्हणून सगळे दात काढायला सांगणारे बरेच असतात. दात काढला की त्याला धरून ठेवणारं हाड विरत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार मिळतो. खालच्या जबड्यात मधे जीभ असते, आधाराला फक्त हाडाचा अरुंद कणा राहतो. तो सपाट झाला की कवळी जिभेबरोबर उचलली जाते. म्हणून खालचे दोन सुळे जरी वाचत असले तरी ते राखायला बघा. रूट कॅनाल करून ते आखूड करतात आणि त्यांच्यावरून कवळी बसवतात. हाडही टिकतं, पकडही मिळते.

सगळे दात आधीच गेले असतील तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे स्क्रू, बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या दातविरहित जबड्यासाठी हीच पहिली पसंती असावी असं म्हटलं होतं. खर्च साध्या कवळीपेक्षा बराच जास्त, पण तोंडभर इम्प्लांट बसवण्यापेक्षा खूपच कमी.

चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या माणसांच्या दातांवर लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग असतात, कधी खड्डेही पडतात. नुसते डाग असलेले दात बहुधा मजबूत असतात. नुसत्या डागांसाठी ते काढू नका.

खर्रा न सोडता दात बसवणं

हाताची मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर दात बसवण्याआधी तोंडाचा इलाज लागेल. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेलं मिश्रण. त्यातल्या सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तिखट झोंबतं, तोंड उघडणं कमी होतं. मग माप घ्यायचा साचाच आत जात नाही, मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचत नाही, आणि केलेली कवळी घालता-काढता येत नाही.

"खर्रा सोडला जी, आता निरी सुपारी खातो," असं कुणी सांगितलं की जीव तुटतो. तोंड ताठ करते ती सुपारीच. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा पानठेल्यावर मिळतोच. तो चालू ठेवून इम्प्लांट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. बसवणाऱ्याने घाई केली तरी तुम्ही करू नका.

आजार लपवणं

साखर वाढलेली असताना जखम भरत नाही, इम्प्लांट धरत नाही. रिपोर्ट सोबत न्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या गोळ्या-इंजेक्शनांबद्दलही सांगा, कारण त्यामुळे दात काढल्यावर जबड्याची जखम चिघळू शकते.

कवळी मिळाली, पण जमत नाही

पहिले आठ-दहा दिवस लाळ जास्त सुटते, बोलताना शब्द घसरतात. हे निवतं. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचा. सुरुवातीला वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकर खा. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. पुढच्या दातांनी मक्याचं कणीस किंवा ऊस तोडायला गेलात की कवळी मागून निसटते. ही कवळीची खोट नाही.

हिरडीला टोचत असेल तर पॉलिश पेपरने किंवा ब्लेडने घरीच घासू नका. चुकीच्या जागी घासलं की कवळी कायमची सैल होते. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी ती मुद्दाम घाला. हिरडीवर लाल खूण उमटते आणि नेमकं कुठे घासायचं ते डॉक्टरांना दिसतं. दुखतं म्हणून आठ दिवस डबीत ठेवून गेलात तर खूण मिटलेली असते आणि बसचं भाडं वाया जातं.

वर्ष-दोन वर्षांत कवळी ढिली झाली तर बहुधा कवळीखालचं हाड झिजलेलं असतं. आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट करता येते. नवीच करावी लागते असं नाही. मोडली तर सगळे तुकडे घेऊन या. झटपट गोंदाने चिकटवलेले तुकडे नीट जुळत नाहीत.

उकळत्या पाण्यात टाकली की ती वाकडी होते. राखुंडीने घासली की चरे पडून काळी होते. साधा साबण, मऊ ब्रश आणि खाली पाण्याने भरलेलं घमेलं, म्हणजे हातातून सुटली तरी फुटणार नाही. रात्री काढून पाण्यात ठेवा.

'एका दिवसात दात'

इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. काही निवडक तोंडांत त्याच दिवशी तात्पुरते दात लावता येतात, सगळ्यांत नाही. पैसे देण्याआधी कोणता टप्पा कधी आणि किती रुपयांचा, हे कागदावर लिहून घ्या. त्यात कॅप धरली आहे का, हेही विचारा. खर्च झेपत नसेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं शरद पवार दंत महाविद्यालय गाठा. तिथे फेऱ्या जास्त होतात, काम कमी पैशांत होतं आणि वरचे प्राध्यापक तपासतात.

नव्या दाताने, जुन्या दाताच्या टोकाने किंवा कवळीने पडलेली जखम, तिचं कारण घालवूनही दोन आठवड्यांत भरली नाही, तर दुखत नसली तरी थांबू नका. कर्करोग तर नाही ना, हे बघायला तिचा तुकडा तपासायला पाठवा असं स्वतःहून डॉक्टरांना म्हणा.