नवीन गोळीनंतर पुरळ आलं? आधी तोंड आणि डोळे बघा

आईच्या गालाची नस ठणकायची म्हणून कार्बामाझेपिन (मुळात फिटची गोळी) सुरू झालं. १६व्या दिवशी ताप आला, घसा धरला, डोळे चुरचुरायला लागले. साथीचा ताप समजून मी गोळी नेमाने चालूच ठेवली. दोन दिवसांनी छातीवर लाल ठिपके दिसले, तेव्हाही मी म्हणाले, "पित्त उठलंय." पित्ताच्या गांधी खाजतात आणि काही तासांत विरून दुसरीकडे उठतात. हे ठिपके जागचे हलत नव्हते, मधोमध जांभळट होते, आणि हात लावला की आई कळवळायची. दुसऱ्या दिवशी ओठ एकमेकांना चिकटलेले. निदान: स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे कातडी, तोंड आणि डोळे सोलवटून काढणारी औषधाची गंभीर रिअॅक्शन.

म्हणून पुरळ दिसलं की आधी तारखा मोजा. आपला संशय कालच्या गोळीवर जातो, पण ही रिअॅक्शन बहुतेकदा औषध सुरू केल्यावर ४ ते २८ दिवसांत येते. मागच्या दोन महिन्यांतलं प्रत्येक नवं औषध तारखेसह लिहून काढा. फिटच्या गोळ्या (फेनिटॉइन, लॅमोट्रिजिनसुद्धा), युरिक अॅसिडसाठीचं अॅलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं यांच्यापुढे खूण करा.

मग आरसा घ्या. नुसती खाज असेल, ताप नसेल, तर बहुधा साधं पुरळ. तरी डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. पण ताप, तोंडात फोड, डोळ्यांची किंवा लघवीची आग, दुखणारी कातडी, सुटणारी साल यांतलं काहीही पुरळासोबत असेल तर थेट मोठ्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठा. चेहरा सुजून मानेत गाठी आल्या तरीही तेच, कारण तेव्हा यकृतालाही धक्का बसलेला असू शकतो. गोळी घेतल्यावर काही मिनिटांत जीभ सुजली, श्वास अडकला, तर ती वेगळी गोष्ट: लगेच अॅम्ब्युलन्स, अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन जवळ असेल तर आधी ते.

अशी लक्षणं असतील तर संशयित गोळीचा पुढचा डोस देऊ नका. फिटची गोळी अचानक थांबली तर फिट येऊ शकते, म्हणून ती थांबवून घरी बसायचं नाही; पर्यायी औषध हॉस्पिटलमध्येच ठरू द्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

फोडाला चिकटपट्टी अजिबात लावू नका. मी लावली होती. काढताना पट्टीबरोबर कातडीचा ओला पापुद्रा आला, उकडलेल्या टोमॅटोची साल निघावी तसा.

अॅडमिट झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बोलवायला सांगा, अगदी मागे लागून. कातडी भरून येते. डोळ्यांतले व्रण राहतात. आई अजून दिवसातून सहा वेळा ड्रॉप घालते.

घरी येताना औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं नाही. त्याची भावंडं, म्हणजे त्याच जातीची औषधंही विचारा, आणि ही नावं कार्डावर लिहून जवळ ठेवा. वर्षभराने नस पुन्हा ठणकली तेव्हा नव्या डॉक्टरांनी ऑक्सकार्बाझेपिन, म्हणजे कार्बामाझेपिनचंच भावंड, लिहायला घेतलं. आईने पर्समधलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि चिठ्ठी फाडली.