शर्टाची बटणं ज्याची त्यानं लावावीत म्हणून

बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेल्या विद्यार्थ्यासाठी शाळा जो वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बनवते, त्यात ‘स्वावलंबन वाढवणे’ हे वाक्य हमखास असतं. पण त्यावरून सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे ना शाळेतल्या ताईंना कळतं ना आईला. त्याऐवजी लिहा: ‘उभं राहून, अंगातल्या शर्टाची खालची तीन बटणं, मदतीशिवाय, सलग तीन दिवस.’ एका वेळी असं एकच ध्येय घ्या. ते मुलाला विचारून ठरवा. बोलता येत नसेल तर चित्रं दाखवून विचारा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळेनं द्यायच्या साहाय्यात शैक्षणिक विकासाबरोबर सामाजिक विकासही आहे, त्यामुळे बटण लावणं आराखड्यात घालायचा आग्रह पालकांनी जरूर धरावा.

पहिले तीन दिवस नुसतं बघा. मूल कुठे अडतं तेवढंच टिपा. काढता येणं लावण्याच्या आधी येतं, म्हणून बटणं काढता येत नसतील तर सुरुवात तिथूनच करा.

सरावासाठी एक माप मोठा, धुऊन मऊ झालेला शर्ट घ्या. त्याला साधारण अडीच सेंटीमीटरची, कापडाहून वेगळ्या रंगाची बटणं लावा आणि काजं त्या मापाची करून घ्या. मुलांच्या शर्टात बटणं घालणाऱ्याच्या उजवीकडे असतात, मुलींच्या कपड्यात बहुधा डावीकडे. सरावाचा शर्ट गणवेशासारखाच हवा, नाहीतर दोन्ही हातांची कामं उलटी शिकली जातात. टेबलावर ठेवून बटणं लावायच्या सरावाच्या पाटीचंही तसंच आहे: पाटी समोर असते, शर्ट अंगावर, आणि दिशा बदलते. पाटीवर चार-पाच दिवसांहून जास्त रेंगाळू नका.

उजवीकडे बटण असलेल्या शर्टाचे टप्पे असे:

१. डाव्या चिमटीत काजाची कड धरणं.
२. उजव्या चिमटीत बटण धरणं.
३. बटण काजातून अर्धं सारणं.
४. बाहेर आलेली बटणाची कड डाव्या चिमटीत पकडणं.
५. उजव्या हातानं काजाची कड ओढून बटण पूर्ण बाहेर काढणं.

शिकवायचं मात्र शेवटाकडून. पहिले चार टप्पे तुम्ही करा आणि पाचवा मुलाला करू द्या. बटण ‘टप्’ करून बाहेर येतं ते त्याच्या हातानं, आणि प्रत्येक प्रयत्न पूर्ण झालेल्या कामावर संपतो. पहिल्या टप्प्यापासून शिकवलं तर मूल अर्ध्यात थकतं, काम मोठं माणूस संपवतं आणि मुलाच्या लक्षात राहते ती हार. पाचवा टप्पा सलग तीन दिवस आपला आपण जमला की चौथाही सोपवा. सुरुवात सर्वांत खालच्या बटणापासून करा. ते दिसतं आणि दोन्ही कडा सरळ जुळतात.

मदत करताना मुलाच्या मागे उभे राहा, म्हणजे तुमचे हात त्याच्याच दिशेनं चालतील. हात धरणं, मग फक्त मनगटाला स्पर्श, मग बोटानं दाखवणं, मग काहीच नाही, अशी मदत उतरवत न्या. प्रत्येक वेळी आधी मनात दहा आकडे मोजा. आपण थांबत नाही, हीच सगळ्यात मोठी चूक. ‘धर, ओढ, अरे ओढ ना’ असं सतत बोलणंही टाळा. मूल बटणाऐवजी आवाजाची वाट बघू लागतं आणि ही सवय सुटता सुटत नाही. मुलानं हात काढून घेतला तर सोडून द्या. कपड्यांच्या बाबतीत त्याच्या ‘नको’ला मान मिळायलाच हवा, आणि सराव दार लावूनच व्हावा.

कागदावर रोज एकच अक्षर लिहा: ‘ह’ म्हणजे हात धरून, ‘स्प’ स्पर्श, ‘ख’ खूण, ‘स्व’ स्वतः. तोच कागद दप्तरातून घरी जाऊ द्या. दोन आठवडे अक्षर बदललं नाही, तर टप्पा मोठा आहे. त्याचे दोन करा.

घरी सकाळच्या घाईत आई सगळी बटणं लावून मोकळी होते, हे अगदी स्वाभाविक आहे. तिला एवढंच सांगा की खालचं एक सोडा. खरा सराव शाळेतून आल्यावर, पाच मिनिटं. दिवाळीच्या सुट्टीत तो बंद पडला तर जमलेलं बटण पुन्हा अडू शकतं. जूनमध्ये नव्या गणवेशाची काजं घट्ट असतात, तेव्हा तो आधी दोनदा धुवा आणि काजातून पेन्सिल फिरवून घ्या.

मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) चिमटी होतच नसेल, तर व्यवसायोपचारतज्ज्ञांना (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) विचारून आत वेल्क्रो लावा आणि बटणं वरून शिवा. मूल आपलं आपण कपडे घालतं, हेच हवं होतं.

कॉलरचं बटण सर्वांत शेवटी. ते दिसत नाही आणि आरशात पाहून हात आणखी गोंधळतात. छातीवरचं बटण न बघता, बोटांनी चाचपून लावता आलं की मगच तिकडे वळा.