खातं गोठलं, रिफंड वळता झाला: आयकराच्या जुन्या मागणीला तोंड कसं द्यायचं

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार. वसुबारसेला तीन दिवस राहिले होते. किराणा दुकानात यूपीआय चालेना म्हणून एटीएमवर गेलो, तिथेही पैसे निघेनात. बँकेत गेल्यावर काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघून सांगितलं, "काका, तुमच्या खात्यावर इन्कम टॅक्सचा लीन आहे." लीन म्हणजे पैसे काढण्यावर लागलेली रोख. त्या खात्यात माझा पगार होता आणि बायकोचे शिवणकामाचे पैसेही होते.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला होतो. २०१६-१७ या वर्षभर तिथे माझ्या पगारातून दरमहा टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापायचा कर, कापला गेला, पण मालकाने तो सरकारात भरलाच नाही. पुढे कारखाना बंद पडला. मी रिटर्न भरताना कापलेला कर दाखवला होता. आयकर विभागाच्या नोंदीत तो नव्हता, म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये माझ्या नावावर ४८,६२० रुपयांची मागणी निघाली. मला ती कळली नाही, कारण आयकराच्या पोर्टलवर माझा ईमेल म्हणून कारखान्याचा पत्ता होता. २०२१ मध्ये ९,४८० रुपयांचा रिफंड आला नाही तेव्हा मी चौकशी करायला हवी होती. त्या शांत बसण्यात दोन वर्षं गेली. तेवढा रिफंड त्या मागणीत वळता होऊनही २०२३ मध्ये बँकेवर आलेला आकडा ६९ हजारांच्या पुढे होता, कारण कलम २२० प्रमाणे थकलेल्या मागणीवर महिन्याला एक टक्का व्याज चढतं आणि अपुरा महिनाही पूर्ण धरतात.

तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहितो. कलमांचे आणि फॉर्मचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्याच्या वेळचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि त्यात आकडे बदलले, तेव्हा तुमच्या हातातल्या नोटिशीवर जे छापलंय तेच अर्जात लिहा.

सगळ्यात आधी बँकेकडून कागद घ्या. खातं गोठवणारा दरवेळी आयकर विभागच असतो असं नाही. जीएसटी असू शकतो, कोर्ट असू शकतं, सायबर पोलिस असू शकतात, नाहीतर नुसतं केवायसी राहिलेलं असू शकतं. प्रत्येकाचा रस्ता वेगळा. म्हणून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: "माझ्या खात्यावर रोख कोणाच्या आदेशाने लागली, त्या आदेशाची प्रत, तारीख, रक्कम आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद कळवावं." दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आयकराचा आदेश असेल तर तो बहुधा कलम २२६(३) खालचा असतो. या कलमाप्रमाणे नोटिशीची प्रत तुमच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवणं बंधनकारक आहे. ती मिळाली नसेल तर तसं पुढच्या अर्जात लिहा.

बँकेशी भांडण्यात वेळ घालवू नका. मी पहिला दिवस त्यातच घालवला. नोटीस आली की ती पाळणं बँकेला भाग आहे. तिने पैसे दिले नाहीत तर तीच थकबाकीदार ठरते. खातं उघडायचा अधिकार नोटीस काढणाऱ्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे आहे, आणि ती नोटीस बदलण्याची किंवा मागे घेण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. घाई मात्र कराच, कारण २२६(३) मध्ये पैसे नुसते अडकून राहत नाहीत, बँकेने ते विभागाकडे वळते करायचे असतात. शिवाय नोटीस पुढे जमा होणाऱ्या रकमेलाही लागू शकते. त्या खात्यातून घरकर्जाचा हप्ता जात असेल तर कर्ज देणाऱ्या शाखेला त्याच दिवशी सांगा आणि हप्ता दुसऱ्या मार्गाने भरा. चेक परत गेल्याचा दंड आणि खराब झालेला सिबिल आणखी कशाला?

खातं जोडखातं असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. कायदा दोघांचा वाटा समान धरतो, पण तो कायम नाही, उलट सिद्ध करता येतो. माझ्या बायकोने तिच्या गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमा पासबुकात पिवळ्या पेनने खुणावल्या आणि सोबत स्वतःचा अर्ज जोडला. तिचा पैसा तिचा आहे हे तिने स्वतः सांगणं महत्त्वाचं होतं, आणि मला अजून वाटतं की अधिकाऱ्याने आमचा कागद त्यामुळेच लवकर हातात घेतला.

मग त्याच संध्याकाळी पोर्टल उघडा. लॉगिन करून 'पेंडिंग अॅक्शन्स' मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' हा रकाना बघा. तिथे कोणत्या आकारणी वर्षाची (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष), कोणत्या कलमाखाली, किती मागणी आहे ते दिसतं. तुमचा कर निर्धारण अधिकारी (एओ) कोण हे 'नो युवर एओ' मध्ये पॅन टाकून कळतं. उत्तर देताना सावध राहा. 'डिमांड इज करेक्ट' वर एकदा सबमिट केलं की नंतर 'मान्य नाही' म्हणता येत नाही. घाबरून, "मान्य केलं तर खातं सुटेल" म्हणून ते बटण दाबलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी शोधा, ही मागणी खरंच तुमची आहे का?

मागणी खोटी किंवा चुकीची निघण्याची कारणं नेहमीचीच असतात. कापलेला टीडीएस सव्वीस एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या विभागाकडच्या तक्त्यात, नाही. स्वतः भरलेल्या चलनावर चुकीचं वर्ष पडलं. एखादी वजावट विचारात घेतली नाही. यातली साधी चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला ते संपल्यापासून चार वर्षांच्या आत. माझी ती मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली होती. ज्यांची संपलेली नाही त्यांनी हा अर्ज आजच करावा.

माझ्यासारखं प्रकरण असेल, म्हणजे मालकाने कर कापला पण भरला नाही, तर कलम २०५ पाठ करा. उत्पन्नातून जेवढा कर कापला गेला तेवढा पुन्हा त्या माणसाकडून मागता येत नाही, असं ते सांगतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्राने आणि पुन्हा ११ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने अधिकाऱ्यांना बजावलं आहे की अशा मागणीसाठी सक्तीची वसुली करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका नोकरदाराच्या प्रकरणात हेच म्हटलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रिफंड वळता करणं हीसुद्धा वसुलीच धरली. मात्र कर कापला गेला हे तुम्हाला दाखवावं लागतं. फॉर्म सोळा, म्हणजे मालकाने दिलेला कर कापल्याचा दाखला, असेल तर उत्तम. मला तो मिळालाच नव्हता. मी बारा महिन्यांच्या पगारपावत्या काढल्या आणि प्रत्येक पावतीतला हातात आलेला पगार त्याच महिन्याच्या बँक स्टेटमेंटशी जुळवून एका कागदावर तक्ता केला. जुन्या पगारपावत्या रद्दीत टाकू नका.

अर्ज लांबलचक नको. मी लिहिला तो साधारण असा:

"आकारणी वर्ष २०१७-१८ ची मागणी माझ्या पगारातून कापलेल्या कराचं श्रेय न मिळाल्याने निघाली आहे. कर कापल्याचा पुरावा सोबत जोडला आहे. कलम २०५ आणि मंडळाच्या १ जून २०१५ व ११ मार्च २०१६ च्या सूचनांनुसार ही रक्कम माझ्याकडून वसूल करता येत नाही. कलम २२६(३) खालची नोटीस मागे घेऊन बँकेस तसं कळवावं. तसंच २०२१ मध्ये वळता केलेला ९,४८० रुपयांचा रिफंड परत द्यावा. खात्यात माझा चालू पगार आणि पत्नीचे पैसे आहेत, घरखर्च थांबला आहे."

तो आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर द्या, इनवर्ड नंबर घ्या, मग वर जाऊन अधिकाऱ्याला भेटा. पोर्टलवर 'डिसअॅग्री' नोंदवून तेच कागद तिथेही चढवा. उत्तर आलं नाही तर पोर्टलवरच तक्रारींच्या रकान्यात तक्रार टाका.

आकारणीच मान्य नसेल तर वाट अपिलाची. मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३५ भरायचा. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. पण नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कलम २२०(६) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या ज्ञापनाप्रमाणे साधारणपणे वादातल्या मागणीच्या २० टक्के भरल्यावर स्थगिती मिळते. तेवढेही झेपत नसतील तर कागदपत्रांसह कमी रक्कम मागावी.

आणि कर खरोखर देणं असेल तर? तर भरून मोकळं व्हा, पण नीट भरा. 'ई-पे टॅक्स' मध्ये 'डिमांड पेमेंट अॅज रेग्युलर असेसमेंट टॅक्स (४००)' हाच प्रकार निवडा. दुसऱ्या प्रकाराखाली भरलं तर पैसे जातात आणि मागणी तशीच उभी राहते. एकदम जमत नसेल तर हप्ते मागा. नोटिशीची ३० दिवसांची मुदत संपण्याआधी अर्ज केला तर त्याची सोय कलम २२०(३) मध्ये आहे, मुदत उलटल्यावरही तारखा आणि रकमा लिहून विनंती करायला हरकत नाही. चलन घेऊन अधिकाऱ्याकडे जा आणि बँकेच्या नावाचं पत्र मागा.

रिफंडाबद्दल एवढंच: तो वळता करण्याआधी कलम २४५ खाली सूचना येते. तिच्यावर छापलेल्या मुदतीत उत्तर द्या. तिथे गप्प राहिलात तर रिफंड मागणीत जमा होतो. खूप जुनी, छोटी मागणी दिसत असेल तर ती अजून आहे का तेही तपासा. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या काढून टाकायचं जाहीर झालं. एका माणसाला एकूण मर्यादा एक लाखाची.

माझी नोटीस २४ नोव्हेंबरला मागे घेतली गेली. पत्राची प्रत मी हातात मागून घेतली आणि स्वतः बँकेत नेऊन दिली, तरी लीन निघायला २८ तारीख उजाडली. तुम्हीही प्रत हातात घ्या. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल स्वतःचा टाका, नोकरीच्या ठिकाणचा कधीच नको. रिफंड पुढच्या वर्षी मिळाला. ४८,६२० ची ती ओळ मात्र पोर्टलवर अजून दिसते, आणि दर जुलैत रिटर्न भरलं की मी तिच्यासमोर 'डिसअॅग्री' आहे ना, हे आधी बघतो.