धमन्यांचा कडकपणा आणि जंतुसंसर्ग: कोकणच्या पावसाळ्यात काय सांभाळायचं

हृदयाच्या धमनीत साचलेल्या चरबीच्या थरात जंतू सापडतात, हे खरं आहे. १९८८ साली फिनलंडमध्ये हार्ट अटॅक आलेल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या फुप्फुसाच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) आढळली. पुढे हा जंतू आणि हिरड्या कुजवणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, दोन्ही प्रत्यक्ष थरातही मिळाले. मग अँटिबायोटिक देऊन अटॅक टाळता येईल का, हे पाहणं ओघानं आलंच. २००५ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, प्रत्येकीत चार हजारांवर हृदयरुग्ण होते. एकीत वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन, दुसरीत दर महिन्याला दहा दिवस गॅटिफ्लॉक्सॅसिन. दोन्हींत अटॅक कमी झाले नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट: ब्लॉकेज 'साफ' करायला अँटिबायोटिक घेऊ नका, कोणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापासाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं जातं ते वेगळं. आरोग्य केंद्रातून सांगतील तसं ते जरूर घ्या, पण त्याचा धमन्यांशी संबंध नाही.

धमनी कडक होते ती मुख्यतः एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बीपी, साखर आणि तंबाखूमुळे. भिंतीत शिरलेलं कोलेस्टेरॉल पांढऱ्या पेशी गिळतात, तिथे सूज राहते आणि वर एक आवरण धरतं. कुठे जाड, कुठे दुधाच्या सायीइतकं पातळ. शरीरात कुठेही जोराचा संसर्ग झाला की ही सूज वाढते, रक्त लवकर गोठू लागतं, नाडी पळते आणि पातळ आवरण फाटायची शक्यता वाढते. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या २०१८ च्या अभ्यासात, तपासणीत फ्लू निघाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं. सांभाळायचं आहे ते इथेच.

फ्लूची लस एप्रिल-मेमध्ये घ्या. आपल्याकडे साथ पावसाबरोबर चढते, लसीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि गणपतीला चाकरमानी आले की घरोघर गर्दी होते. तोवर थांबलात तर उशीर होतो. डोस दरवर्षी घ्यावा लागतो, कारण विषाणू बदलतो. अटॅक येऊन गेलेल्यांना लस दिल्यावर पुढचे मृत्यू कमी झाल्याचं २०२१ च्या चाचणीत दिसलं आहे. पासष्टीपुढच्यांनी न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या लसीचंही विचारून घ्या.

आता हिरड्या. रोज दोनदा, दोन मिनिटं, मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट. ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका टेकवा आणि जागच्या जागी हलका हलवा. आडवं घासलं की हिरडी मागे सरकते आणि कीट मात्र सांध्यातच राहतं. रक्त येतं म्हणून ती जागा सोडून देऊ नका. सूज आहे म्हणूनच रक्त येतं, आणि नीट घासलं तर आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी होतं. झालं नाही तर दाताच्या डॉक्टरांकडून साफ करून घ्या. साफ केल्यानं दात हलायला लागतात असं वाटतं, पण खालचं हाड आधीच झिजलेलं असतं, कीट निघाल्यावर ते जाणवतं इतकंच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. हिरड्या बऱ्या केल्यानं अटॅक टळतो हे सिद्ध झालेलं नाही. रक्तातली सूज घटते, मधुमेहींची साखर थोडी सुधारते, तेवढंही मोलाचं आहे.

मिश्री लावणाऱ्या आया-आज्यांना मात्र आवर्जून सांगायला हवं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तो हिरडीतून रक्तात जातो, नाडी आणि बीपी वाढवतो. 'सोडली की पोट साफ होत नाही' ही तक्रार खोटी नसते, निकोटीनची सवय सुटताना असं होतं. काही आठवडे पाणी, भाजी, फळं वाढवा, त्रास कमी होतो.

घरात हृदयरुग्ण असेल आणि ताप आला तर पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक दुकानातून आणू नका. त्यांनी अटॅकचा धोका वाढतो, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचं कामही अडवतं. बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी तापात विसरू नका. उलट्या-जुलाब असतील तर लघवीची आणि बीपीची गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी विचारा. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्याचं डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, कारण प्लेटलेट घसरल्यावर रक्तस्राव होतो. पण स्टेंट (धमनीत बसवलेली जाळी) असताना या गोळ्या स्वतःहून थांबवणंही तितकंच घातक.

ताप उतरल्यावरही काही दिवस जड कामं टाळा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, नुसता दम लागणं (मधुमेहींत कधी कधी एवढंच) असं दिसलं की १०८ ला फोन करा आणि रुग्णाला बसवून ठेवा. ॲलर्जी, रक्तस्राव किंवा डेंग्यूची शंका नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर रुग्णाला चालवू नका, खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत न्या, आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.