वॉरंटी संपल्यावरही पार्टचे निम्मे पैसे कंपनीकडून

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स तापून गाडी न्यूट्रलमध्येच अडकायला लागली. निदान: मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग, खराब. वॉरंटी नुकतीच संपलेली. ड्राय क्लचच्या (क्लच तेलात बुडालेला नसतो अशा) ऑटोमॅटिकला रांगत्या ट्रॅफिकचं वावडंच, त्यामुळे हे दुखणं सर्रास दिसतं.

सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "साहेब, आमच्या हातात काही नाही." खरंच नसतं, 'गुडविल'ची (वॉरंटी संपल्यावरही कंपनीने खर्चाचा वाटा स्वखुशीने उचलण्याची) मंजुरी कंपनी देते, डीलर नुसता प्रस्ताव पाठवतो. मग एस्टिमेट, फॉल्ट कोड लिहिलेलं जॉब कार्ड आणि अधिकृत सर्व्हिसिंगची सगळी बिलं जोडून थेट कंपनीला मेल केला. आधी नकार आला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून तिचा क्रमांक कळवला, तेव्हा एरिया मॅनेजरचाच फोन! पार्टचे निम्मे पैसे त्यांचे, मजुरी माझी. मंजुरी लेखी आल्यावरच गाडीला हात लावू दिला.