शेजारच्या राज्याशी कर ताडून पाहताय? या चुका टाळा

देगलूर, धर्माबाद, उदगीर, उमरगा. कुठूनही थोडं पुढं गेलं की दुसरं राज्य लागतं. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता, त्यामुळं सोयरीक आणि व्यापार आजही बिदर-निजामाबादपर्यंत पसरलेला आहे. कर मात्र महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा अशा तीन राज्यांचे तीन. "तिकडं टॅक्स कमी आहे" हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं. विचारलं की कशावरून, तर कुणीतरी सांगितलेला एक टक्क्याचा आकडा पुढं येतो. तो टक्का कशावर लागतो, त्यावर अधिभार किती आणि तो कुठल्या तारखेपासून आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

पंपावरचा भाव म्हणजे कर नव्हे

परभणीत पेट्रोल मुंबईपेक्षा महाग, म्हणजे मराठवाड्यावर जास्त कर लावलाय, असा समज पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे. 2024 च्या अर्थसंकल्पानंतर राज्यभर पेट्रोलवर व्हॅट एकच आहे: 25 टक्के, अधिक लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. परभणीचा फरक आहे तो वाहतुकीचा. इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या लांबच्या डेपोतून टँकरनं येतं आणि ते भाडं भावात चढतं.

नुसते टक्के पाहिले तरी फसायला होतं. तेलंगणात पेट्रोलवर 35.2 टक्के, कर्नाटकात 29.84, आपल्याकडं 25. वाटतं आपणच स्वस्त. व्हॅटआधीची किंमत समजण्यापुरती 75 रुपये धरा. तेलंगणाचा कर 26.40 रुपये, आपला 18.75 अधिक 5.12 म्हणजे 23.87, आणि कर्नाटकाचा 22.38. दरात सगळ्यात खाली असलेला महाराष्ट्र रकमेत मधे आला.

डिझेलसाठी मुद्दाम कर्नाटकात जाऊन टाकी भरायची सवयही आता तपासा. तिथं 14.34 टक्के होते तेव्हा ते परवडायचं. जून 2024 मध्ये 18.44 झाले, एप्रिल 2025 पासून 21.17. आपल्याकडं 21.

सीमेपलीकडं माल विकणं

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. 1 जुलै 2017 पासून जीएसटीचे दर देशभर सारखेच आहेत, म्हणून नियमही सारखेच असणार असं दुकानदार धरून चालतात. ई-वे बिलाची, म्हणजे माल गाडीतून नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवरून काढायच्या परवान्याची, मर्यादाच घ्या. ती मालाच्या किमतीवर ठरते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती 1 लाख रुपये आहे, राज्याबाहेर माल जाताना 50 हजार.

देगलूरच्या हार्डवेअर दुकानातून कर्नाटकातल्या औरादला पाइप आणि फिटिंग निघतात. माल 60 हजारांचा, 18 टक्के कर 10,800, बिल 70,800. नांदेडला असा माल बिनधास्त जातो, म्हणून इथंही टेम्पो तसाच सुटतो. गाडी अडवली की जीएसटी कायद्याचं कलम 129 लागतं: कराच्या 200 टक्के दंड, म्हणजे 21,600. मूळ 10,800 भरायचे ते वेगळेच. या मालावर नफा किती सुटतो ते दुकानदाराला माहीत असतं. "जवळच तर जायचंय, कशाला बिल बनवता" म्हणणारा ड्रायव्हर तो दंड भरत नाही. माल गाडीत चढण्याआधी ई-वे बिल काढा, भाग ब मध्ये गाडीचा नंबर भरा आणि छापील प्रत ड्रायव्हरच्या हातात द्या. मोबाइलवर पाठवून ठेवू नका, सीमेवर नेटवर्क जातं.

दुसरा फटका जीएसटी नोंदणीचा. मालाच्या व्यापारासाठी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. तेलंगणानं मात्र 20 लाखांचीच मर्यादा ठेवली आहे. तेव्हा तेलंगणातल्या मदनूरच्या मेहुण्याला "माझं 30 लाखांवर चालतं, तुझंही चालेल" असा सल्ला देऊ नका. शिवाय ही 40 लाखांची सूट राज्यातल्या विक्रीपुरती आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला की पहिल्या बिलापासून नोंदणी सक्तीची. आणि कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची सोपी योजना, घेतलेल्या दुकानदाराला राज्याबाहेर माल विकताच येत नाही.

इथंच एक बारीक खोच आहे, ती बऱ्याच हिशेबनिसांनाही ठाऊक नसते. मदनूरचा शेतकरी तुमच्या देगलूरच्या काउंटरवर येऊन माल घेतो. त्याला जीएसटी नंबर नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून अशा ग्राहकाचा जो पत्ता बिलावर लिहाल, तेच पुरवठ्याचं ठिकाण धरलं जातं. बिलावर तेलंगणा लिहिलं की विक्री आंतरराज्य झाली आणि आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी, लागला. पत्ता लिहिलाच नाही तर ठिकाण तुमच्या दुकानाचं. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये पत्त्याचा रकाना आपोआप भरत असेल तर तो आजच तपासा. चुकून सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा केंद्र आणि राज्याचा जीएसटी) भरला गेला असेल तर योग्य कर भरून आधीच्याचा परतावा मागता येतो आणि त्यावर व्याज लागत नाही. पैसे मात्र तेवढे दिवस अडकतात.

तेलंगणाची जुनी गाडी

टीएस किंवा टीजी पासिंगची गाडी 40-50 हजारांनी स्वस्त दिसते ती उगाच नाही. तिथला आजीवन कर इथं चालत नाही. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो आणि तिथल्या उरलेल्या कराचा परतावा तिथल्याच कार्यालयातून मागावा लागतो. "12 महिने काही होत नाही" हा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 मधले 12 महिने नंबर बदलण्यासाठी आहेत, करमाफीसाठी नव्हेत.

क्रम असा ठेवा: आधी विकणाऱ्याकडून फॉर्म 28 ची एनओसी (तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र), कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, मग मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, आणि इथल्या आरटीओत नव्या नंबरासाठी फॉर्म 27. एनओसी हातात येईपर्यंत विसाराच्या पलीकडं एक रुपया देऊ नये. घाईनं पूर्ण पैसे मोजून बसलेल्या माणसाला विकणारा नंतर फोन उचलत नाही.

नव्या गाडीत लोक टप्पे चुकवतात. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाख 12, त्यावर 13. डिझेलला प्रत्येक टप्प्यात 2 टक्के जास्त. आयकरासारखा हा टप्प्याटप्प्यानं लागत नाही, पूर्ण किमतीवर एकच दर. 9.95 लाखांच्या गाडीला 1,09,450 आणि 10.05 लाखांच्या गाडीला 1,20,600. कंपनीच्या नावावर घेतली तर थेट 20 टक्के. कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या गाडीलाच 14 टक्के, 10 ते 20 लाखांना 17, वर उपकर. तेव्हा तिथं नवी गाडी घेऊन "कर वाचवला" म्हणणाऱ्यानं हिशेबच केलेला नसतो. सतत बदली होणाऱ्या सरकारी नोकरदारानं, किंवा किमान 4 राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतल्या माणसानं बीएच (भारत मालिकेचा, सगळ्या राज्यांत चालणारा) नंबर घ्यावा. कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

घर-जमीन

60 लाखांचा फ्लॅट नांदेड महापालिका हद्दीत: मुद्रांक 5 टक्के अधिक 1 टक्का अधिभार, म्हणजे 3,60,000. नोंदणी 1 टक्का, पण कमाल 30,000. एकूण 3,90,000. तेलंगणात सगळं मिळून 7.5 टक्के, म्हणजे 4,50,000. एकट्या स्त्रीच्या नावावर निवासी घर घेतल्यास आपल्याकडं मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे, ती मागायला लोक विसरतात. मुलाला किंवा मुलीला राहतं घर वा शेती बक्षीसपत्रानं देताना मुद्रांक 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. दुकानाच्या गाळ्याला ही सवलत नाही. आणि शुल्क नुसत्या करारातल्या किमतीवर लागत नाही. ती आणि रेडीरेकनरची, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली, किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं.

व्यवसाय कर

राज्यघटनेच्या कलम 276 नं वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा घातली आहे, त्यामुळं यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. महाराष्ट्रात 10 हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला महिना 200 आणि फेब्रुवारीत 300. स्त्रियांना 25 हजारांपर्यंत माफी. तेलंगणात 15 हजारांपर्यंत सगळ्यांनाच माफी. नोकर ठेवणाऱ्या दुकानदाराला दोन नोंदण्या लागतात: स्वतःची पीटीईसी, नोकरांची पीटीआरसी. पीटीईसीचे 2,500 रुपये 30 जूनपर्यंत भरायचे असतात.