माजी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची यादी करताय? आधी शीर्षकपान उलटून बघा

पत्रकारिता विभागातून बाहेर पडलेल्यांनी लिहिलेल्या पुस्तकांची यादी करायची असं ठरलं की पहिली गोष्ट काय होते, तर बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो "ज्यांची ज्यांची पुस्तकं आलीयेत त्यांनी नावं टाका रे", मग तासाभरात नावं, मुखपृष्ठांचे फोटो आणि ढीगभर अंगठे, आणि कोणीतरी ते सगळं उचलून एका फाईलमध्ये चिकटवतं की झाली यादी. नीट बघायला गेलं तर त्यातली काही पुस्तकं अजून यायचीच असतात, काहींची नावं अर्धवट, आणि एखाद्यात तर आपल्या माणसाची फक्त प्रस्तावना असते. बातमीत एक आडनाव चुकलं तर डेस्कवर आरडाओरडा करणारी हीच मंडळी, पण यादी करताना ऐकीव माहिती बिनधास्त चालते.

तर माझं म्हणणं एवढंच की ही यादी बातमीसारखी करा. प्रत्येक नोंदीला सोर्स हवा, आणि सर्वात भक्कम सोर्स म्हणजे खुद्द पुस्तक.

सुरुवात नियमांपासून. कोणाला घ्यायचं आणि कशाला पुस्तक म्हणायचं हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, नाहीतर नंतर प्रत्येक नावावर वाद होतो आणि वाद ओळखीने सुटतो. माणसांचं बघायचं तर पदवी, पदव्युत्तर, डिप्लोमा, पीएचडी यातलं काय काय धरणार? कोर्स अर्धवट सोडून नोकरीला लागलेल्यांचं काय? या धंद्यात असे लोक बरेच असतात आणि पुष्कळदा पुस्तकंही तेच लिहितात. मी त्यांच्यासाठी वेगळा टॅब ठेवते, मुख्य यादीत कोर्स पूर्ण केलेलेच. शिकवणारे प्राध्यापक त्याच विभागाचे माजी विद्यार्थी असतील तर येतील, नसतील तर नाही, कितीही आदर असला तरी.

पुस्तक कशाला म्हणायचं याला एक जुना आधार आहे. युनेस्कोने १९६४ साली आकडेवारीसाठी व्याख्या केली होती, मुखपृष्ठाची पानं सोडून किमान ४९ पानं असलेलं, नियतकालिक नसलेलं, छापून लोकांसाठी उपलब्ध केलेलं ते पुस्तक, आणि ५ ते ४८ पानांचं असेल तर पुस्तिका. अगदी काटेकोर पाळायची गरज नाही, कवितासंग्रह आणि मुलांची पुस्तकं त्यात मार खातात, आणि व्याख्या छापील जमान्यातली असल्यामुळे ईबुकचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल, पण स्मरणिका, विशेषांक, संस्थेचा अहवाल हे बाहेर ठेवायला ती उपयोगी पडते. विषयाचं बंधन मात्र घालू नका. पत्रकारिता शिकलेल्या माणसाने कादंबरी लिहिली, स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, डोंगरदऱ्यांवर लिहिलं, तरी ते घ्यायचंच, आणि खरं तर यादी वाचायला मजा त्यामुळेच येते.

पीएचडीचा प्रबंध छापून पुस्तक झाला असेल तरच घ्या, टाईप करून बाइंड केलेला प्रबंध म्हणजे पुस्तक नाही. आणि प्रबंध मंजूर झाला की लगेच "आम्ही फुकट छापून देतो" असे ईमेल येतात, त्यातून निघालेल्या पुस्तकांनाही रीतसर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असतो. तो नंबर म्हणजे पुस्तकाची ओळख, दर्जाचा शिक्का नाही. यादीत घ्या, फक्त प्रकाशकाच्या रकान्यात कोणी छापलंय ते स्पष्ट लिहा.

आता भूमिका. हा रकाना बहुतेक याद्यांमध्ये नसतोच आणि सगळा घोळ तिथेच होतो. पत्रकार माणूस नुसता लेखक नसतो, तो संपादक असतो, अनुवादक असतो, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी आत्मचरित्राचं शब्दांकन करणारा तर हमखास असतो. शब्दांकन छापलेलं असेल तर नोंद घ्या आणि शब्दांकन असंच लिहा. छापलेलं नसेल आणि तो स्वतः सांगतोय की "ते सगळं मीच लिहिलंय", तर खरं असेलही, पण यादीत नाही. एकतर पुरावा नाही, आणि दुसरं म्हणजे नाव येणार नाही असा करार बऱ्याचदा झालेला असतो, तुमच्या यादीमुळे तोच गोत्यात यायचा. एका पुस्तकात एक प्रकरण लिहिणारेही वेगळे ठेवा, नाहीतर संपादित पुस्तक सहा जणांच्या नावावर सहा वेळा येतं.

नोंद घेताना लेखकाकडून मुखपृष्ठाचा फोटो मागू नका. मुखपृष्ठावर नाव सजवलेलं असतं, उपशीर्षक गाळलेलं असतं. शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू, जिथे कॉपीराईट, प्रकाशक, आवृत्ती, आयएसबीएन छापतात, या दोन पानांचे फोटो मागा. सगळं तिथेच मिळतं. त्यातही पहिल्या आवृत्तीचं साल आणि हातातल्या प्रतीचं साल यात गल्लत करू नका, "तिसरं पुनर्मुद्रण" असं असेल तर साल पहिलंच घ्यायचं. आवृत्तीत मजकूर बराच बदललाय, नवी प्रकरणं घातलीत, तर तेवढं शेऱ्यात टाका.

आयएसबीएन बद्दल थोडं जास्त सांगते कारण तपासायचं सगळ्यात स्वस्त साधन तेच आहे. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी आहे, ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो, त्याआधी दहा अंकी होता आणि शेवटी कधीकधी एक्स असायचा, तो एक्स म्हणजे दहा, टायपिंगची चूक समजून उडवू नका. मुळात हे आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० ला, त्यामुळे त्याआधीच्या जुन्या पुस्तकांवर नंबर शोधत बसू नका. शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. उदाहरणार्थ ९७८०३०६४०६१५७ घ्या. पहिल्या बारा अंकांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणायचं, ९ ला १, ७ ला ३, ८ ला १ असं, आणि बेरीज करायची, ती येते ९३. पुढची दहाच्या पटीतली संख्या १००, फरक ७, आणि शेवटचा अंक ७ च आहे, म्हणजे नंबर बरोबर उतरवलाय. शीटमध्ये एक फॉर्म्युला टाकला की चुकलेले नंबर बहुतेक सगळे आपोआप पकडले जातात. अजून एक, हार्डबाउंड, पेपरबॅक, ईबुक प्रत्येकाला वेगळा आयएसबीएन असतो, म्हणून तीन नंबर म्हणजे तीन पुस्तकं नव्हेत. आणि ॲमेझॉनवर बी शून्य ने सुरू होणारा जो कोड दिसतो तो त्यांचा स्वतःचा, तो इथे चालणार नाही.

शीट करताना हा रकाना आधीच टेक्स्ट फॉरमॅटमध्ये टाका. नाहीतर एक्सेल तेरा अंकांचं ९.७८ई+१२ असं काहीतरी करून ठेवतं, आणि जुन्या नंबरांच्या सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं, मग तो नंबर नऊ अंकी होतो आणि कुठेच सापडत नाही. बाकी रकाने साधे आहेत, नाव, बॅच, भूमिका, शीर्षक, उपशीर्षक, प्रकाशक, पहिलं साल, भाषा, आयएसबीएन, आणि शेवटचा महत्त्वाचा, "कोणी, काय बघून तपासलं". झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसबीएन टाकला की बरीचशी माहिती आपोआप भरते, वेळ वाचतो, पण ती माहितीही कुठल्यातरी कॅटलॉगमधून आलेली असते आणि कॅटलॉगही माणसंच भरतात, तेव्हा दोन पानांच्या फोटोशी एकदा ताडून घ्यायचंच.

नावांचं प्रकरण सगळ्यात त्रासदायक. लग्नानंतर आडनाव बदललेलं, विभागाच्या रजिस्टरवर एक आणि पुस्तकावर दुसरं, कोणी आद्याक्षरं लावतं कोणी नाही, आणि रोमन लिपीत तर 'व' कोणी व्ही ने लिहितं कोणी डब्ल्यू ने, एकच माणूस दोन दोन ठिकाणी. पुस्तकावर छापलंय तसंच नाव ठेवा आणि रजिस्टरवरचं नाव बाजूच्या रकान्यात. एकाच नावाचे दोन लेखक असतील तर लायब्ररीवाल्यांनी हे दुखणं आधीच भोगलेलं आहे, वेगवेगळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नावनोंदी एकत्र जोडणारी व्हीआयएएफ ही साईट बघा, तिथे बऱ्याचदा जन्मसालावरून वेगळं करता येतं. जे संशोधनाकडे गेलेत त्यांचा १६ अंकी ऑर्किड नंबर, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, असू शकतो, २०१२ पासून तो देतात.

आणि जे ग्रुपवर नाहीत त्यांचं काय? अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाचं पत्रकारिता स्कूल १९०८ चं आहे, म्हणजे जुन्या विभागांच्या कितीतरी बॅचेस आता विचारायच्या पलीकडे गेल्या. इथे रजिस्टर घेऊन एकेक नाव वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांचा एकत्र कॅटलॉग), गुगल बुक्स, ओपन लायब्ररी यांच्यात टाकण्याला पर्याय नाही. कंटाळवाणं काम आहे, दोघातिघांनी बॅचेस वाटून घ्या. लायब्ररीच्या मांडणीवरून शोधायला जाऊ नका, विषयवार आकडे देऊन पुस्तकं लावायच्या ड्युई वर्गीकरणात पत्रकारिता ०७० ला असते आणि तुमच्या माजी विद्यार्थ्यांची पुस्तकं असतात ८०० मध्ये साहित्यात नाहीतर ९०० मध्ये इतिहासात. सापडलेलं पुस्तक आपल्याच माणसाचं आहे का हे मलपृष्ठावरच्या परिचयातून कळतं, तिथे पुष्कळदा शिक्षण लिहिलेलं असतं. बंद पडलेल्या प्रकाशकाची साईट वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं साठवणाऱ्या साईटवर, मिळून जाते कधीकधी. विभागाच्या ग्रंथपालांना मात्र पहिल्याच आठवड्यात भेटा, लेखकांनी प्रेमाने दिलेल्या सही केलेल्या प्रती कुठल्या कपाटात आहेत हे त्यांनाच माहीत असतं.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तुम्हाला खरं नाव माहीत असलं तरी लेखकाने लेखी हो म्हटल्याशिवाय जोडू नका. पत्रकार टोपणनाव घेतो तेव्हा त्याला कारण असतं, नोकरी असते, कधी जिवाची भीती असते. फोन आणि ईमेल तपासणीसाठी गोळा कराल ते वेगळ्या फाईलमध्ये, जाहीर यादीत अजिबात नको.

यादी लावताना आडनावाने लावा. बॅचने लावली की लोक आपापली बॅच बघून निघून जातात आणि कोणाची पुस्तकं जास्त याची मोजणी सुरू होते. वर "अमुक तारखेपर्यंत तपासलेली" असं लिहा, खाली दुरुस्ती कळवायला विभागाचा पत्ता द्या, कोणा एकाचा नाही, कारण तो एक जण दोन वर्षात नोकरी बदलतो. नवीन नोंदीसाठी फॉर्म ठेवायचा असेल तर त्यात त्या दोन पानांचे फोटो अपलोड करणं सक्तीचं करा. निम्मे लोक ते बघून फॉर्म अर्धवट सोडतील, त्यांना फोन करा.